बूस्टर बदलताना

यंत्राला जात नसते, असं आपले शिकलेले मित्र सभेत सांगतात. टाळ्याही पडतात. पण यंत्राभोवती माणसं असतात, त्याचं काय?

वस्तीतल्या पोरांनी वर्गणी काढून एक जुनी डिझेल व्हॅन घेतली. ६ डिसेंबरला कसारा घाट उतरून चैत्यभूमीला जायचं. पण ब्रेक दाबावा तर दगडावर पाय दिल्यासारखं. चालवणारा पोरगा म्हणाला, "दादा, पार उभं राहून दाबावं लागतंय. मागं बायाबापड्या, पोरंसोरं. घाटात काय करू?"

मी गॅरेजात वाढलेला माणूस. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबलं. पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलं. बूस्टर धड असला तर पेडल आपसूक थोडं खाली जातं. हे जागचं हललं नाही. पंप हवा ओढत होता. नळीतला व्हॉल्व्ह काढून तोंडात धरला, फुंकला, ओढला. हवा एकाच बाजूनं जात होती. म्हणजे बूस्टरचा पडदाच फाटलेला.

बूस्टर म्हणजे जादू नाही. डब्यात एक रबरी पडदा. पंप दोन्हीकडची हवा ओढून घेतो. पेडल दाबलं की पडद्यामागं बाहेरची हवा शिरते आणि तिचा दाब आपल्या पायाच्या जोडीला येतो. पडदा फाटला की पाय एकटा पडतो.

माझ्या पहिल्या गॅरेजात मी असाच व्हॉल्व्ह फुंकून दाखवला होता. मालकानं तो हातात घेतला नाही. खाली ठेवायला लावला, रॉकेलात बुडवला, पुसला, मग बसवला. ब्रेकच्या रबराला रॉकेल लावू नये, हे त्यानंच मला शिकवलं होतं! माझे ग्रीसनं माखलेले हात त्याला चालत होते. थुंकी चालत नव्हती.

हे नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. आपली थुंकी लागली तर विटाळ, म्हणून विणकाम खातं आपल्याला बंद. पगार जास्त तिथंच दार बंद! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला.

व्हॅनला नवा बूस्टर घातला. पेडलही बदललं. त्याचं बुश झिजलेलं, पिनेचं भोक लांबट झालेलं, निम्मा पाय रिकामाच जायचा. पुश रॉडची फट नीट ठेवली, नाहीतर ब्रेक धरून राहतो आणि तापतो. नवं ऑइल भरून लांबच्या चाकापासून हवा काढली. सगळं त्या पोराच्या हातून करून घेतलं. मी फुंकलेला व्हॉल्व्ह त्याच्या हातात दिला. त्यानं न पुसता तोंडात धरला.

पेडल आता हलकं लागतं आणि पायाला जाब देतं.

पोरांनो, घोषणा द्याच. पण पानाही धरा. आणि शिकलात की दुसऱ्याला शिकवा. विद्या दाबून ठेवणारे आधीच पुष्कळ झालेत.