तांब्याच्या गावी

टूसॉनहून दीड-दोन तास वाळवंटातून गेलं की रस्ता म्यूल डोंगरात शिरतो. तिथल्या बोगद्यातून बाहेर पडलं की खाली बिस्बी दिसतं. उतारावर एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी घरं आणि त्यांच्यामधून चढत गेलेले सिमेंटचे जिने. मेक्सिकोची सरहद्द इथून काही मैलांवर. १८८०मध्ये तांब्यासाठी वसलेलं हे गाव. १९७५मध्ये खाणी बंद पडल्या. आता चित्रकार आहेत, कॅफे आहेत, जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. मुलाने रजा काढून मला मुद्दाम आणलं होतं.

खाण बघायला जाताना पिवळा कोट, हेल्मेट आणि दिवा देतात. छोट्या गाडीवर घोड्यावर बसल्यासारखं बसायचं आणि डोंगराच्या पोटात जायचं. बाहेर रणरणतं ऊन, आत हुडहुडी. वाटाड्या सुरुंग कसे लावत ते रंगवून सांगत होता. आमच्या लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी मॉल झाले, तिथे उरलेल्या चिमणीसमोर लोक फोटो काढतात. इथे मीही काढला.

मग वॉरनच्या बेसबॉल मैदानावर गेलो. १९१७च्या जूनमध्ये खाणकामगारांनी संप केला होता. १२ जुलैच्या पहाटे शेरीफ हॅरी व्हीलरची सुमारे दोन हजार माणसं दंडाला पांढरं फडकं बांधून घराघरांत शिरली आणि संपकऱ्यांना या मैदानात घेऊन आली. कामावर येतो म्हणेल त्याला सोडलं. उरलेल्या जवळजवळ बाराशे जणांना गुरांच्या डब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सोडून दिलं. त्यांत मेक्सिकन पुष्कळ, पूर्व युरोपातलेही पुष्कळ. शिक्षा कुणालाच झाली नाही. फडकं बांधणारे बहुतेक याच गावचे होते. एका भावाने सख्ख्या भावाला बंदूक दाखवून घरातून बाहेर काढलं. त्यांच्या नातवंडांनी ते 'बिस्बी सेव्हन्टीन' या माहितीपटात सांगितलंय.

मैदानावर अजून खेळतात. त्या दिवशी कुणी नव्हतं. मी पायरीवर बसले.

१९८२च्या संपात आमच्या एका खोलीत दोन संसार होते. आमचा आणि आप्पाकाकांचा. आठव्या महिन्यात काकूचा माहेरचा तांब्याचा हंडा मोडीत गेला. तान्ही मुलगी तापाने फणफणलेली. दुसऱ्या दिवशी आप्पाकाका गिरणीत कामावर गेले. संध्याकाळी ते परतले तेव्हा वडिलांनी त्यांची वळकटी गॅलरीत ठेवलेली होती, वर हंड्याचे उरलेले पैसे. वडील ओरडले नाहीत. अख्खा मजला दारात उभा राहून बघत होता आणि सगळ्यांना ते बरोबर वाटत होतं. मी सतरा वर्षांची होते. काकूने मुलीची झबली मागितली, ती दोरीवर वाळत होती. मी ती काढून दिली आणि दार लावून घेतलं.

आजवर ही हकिगत मी फितुरांची म्हणूनच सांगत आले. दाराचं सांगितलं नाही.

परतीच्या वाटेवर खाणीचा तो प्रचंड खड्डा पुन्हा लागला. मुलाने गाडी सावकाश केली.

"आई, आप्पाआजोबांच्या मुलीचं नाव काय गं?"

मला ते सांगता येईना. बोगदा येईपर्यंत मी आठवत राहिले.