चौथी खिडकी

गेली तीस वर्षे मी जळगावच्या एका महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलो आहे. या अवधीत डिकन्सच्या कादंबऱ्यांतील लंडनचा पाऊस, तेथील धुके आणि चिखल यांचे वर्णन मी विद्यार्थ्यांपुढे इतक्या वेळा केले आहे की, ते शहर मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही याचे मलाही विस्मरण व्हावे. धुळ्याची गोष्ट वेगळी. जळगावपासून ते अवघे नव्वद किलोमीटर. शिवाय तेथे माझे आजोळ. धुळे तुम्ही पाहिले आहे काय, असे कोणी विचारले असते तर मी नुसता हसलो असतो. गेल्या आषाढात मात्र तो प्रश्न माझा मलाच पडला.

निमित्त तसे रुक्षच होते. आजोळचे घर विकण्याचे ठरले होते आणि आईच्या पश्चात तिच्या वाट्यापुरती माझी सही हवी होती. हे कळताच परदेशी असलेल्या माझ्या मुलीने लिहिले, "बाबा, घराचे चित्र काढून आणा. फोटो नको." ती युरोपातील एका पावसाळी शहरात राहते. सुटीच्या दिवशी छत्री आणि वही घेऊन हिंडते, एखाद्या उपाहारगृहात गरम सूप घेत बसते आणि समोर दिसेल ते रेखाटते. "क्षणात फोटो निघत असता हा खटाटोप कशाला?" असे मी तिला अनेकदा चिडविले होते. तेव्हा तिच्या या मागणीत थोडासा सूडही असावा.

एरंडोल, पारोळे करीत मोटार धुळ्यास पोहोचली तेव्हा पावसाची झड लागली होती. 1818 साली खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला आणि पुढल्याच वर्षी कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे करून येथे नवी वस्ती आखविली. पट्टी लावून रेघा ओढाव्यात तशा त्या सरळ गल्ल्या, आणि त्यांना नावांऐवजी क्रमांक! लहानपणी आम्हांला यात काहीच नवल वाटत नसे. त्या दिवशी प्रथमच मनात आले की, इंग्रजी शहरे मी पुस्तकांत धुंडीत असता एका इंग्रजाने आखलेल्या रस्त्यावर आमच्या विटीदांडूचा डाव मांडलेला होता.

कागदांचे काम दुपारवर गेले, म्हणून मी राजवाडे संशोधन मंडळाकडे वळलो. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी याच गावी वारले आणि 1927 साली त्यांच्या स्मरणार्थ हे मंडळ निघाले. लोकांच्या माळ्यांवरून, अडगळीतून कागद गोळा करीत या माणसाने आयुष्य वेचले. तेथून निघताना मनात आले, माझ्या आजोळच्या माळ्यावर काय होते, हे मी कधी पाहिले होते काय?

जेवणासाठी एका साध्या खानावळीत शिरलो. शेवेची तिखटजाळ भाजी आणि कळण्याची भाकरी समोर आली. ज्वारी आणि उडीद मीठ घालून एकत्र दळले की त्या पिठाला कळणा म्हणतात. मिरचीचा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा जोडीला असताना युरोपातील कोणत्याही सुपाचा मला हेवा वाटला नाही.

मग आजोळच्या घरासमोर एका दुकानाच्या पत्र्याखाली स्टूल मागून घेतले आणि वही उघडली. चित्र काढणे म्हणजे मोजणे, हे मला त्या वेळी कळले. माडीला तीन खिडक्या, हे मी डोळे मिटूनही सांगितले असते. पण तीन खिडक्या काढल्या आणि डावीकडे भिंत फार उरली. पुसून पुन्हा काढल्या, भिंत उरलीच. तेव्हा मी नीट पाहिले. पावसाने गिलावा फुगून गळला होता. आत चौकटीचे वरचे लाकूड दिसत होते आणि त्याखाली वेगळ्या रंगाच्या विटा. तेथे चौथी खिडकी होती.

तेवढ्यात छत्री सावरीत मामा आले. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. मी विचारले, "मामा, ही खिडकी कधी बुजविली?"

ते बराच वेळ वर पाहत राहिले. मग म्हणाले, "तुझे आजोबा गेले त्या वर्षी. आईला तिशीही लागली नव्हती. ती तिथे बसायची. विधवा बाई गल्लीत दिसू नये, म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांनी गवंडी बोलावला. मी पाच-सहा वर्षांचा होतो. त्याच्या हातात विटा मीच देत होतो रे! मला तो खेळच वाटला."

मी काही बोलू शकलो नाही. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही येथे येत असू, तेव्हा आजी मागल्या अंगणात बिबड्या घालीत बसलेली असे. मी पाणी पिण्यास धावत आलो की ती हटकून विचारी, "गल्लीमा काय चाली राह्यनं रे?" मला डावावर परतण्याची घाई असे. "काही नाही," एवढेच सांगून मी पळत असे. दिवसातून चार-पाच वेळा तरी ती विचारी, आणि दर वेळी माझे उत्तर तेच.

मी चित्रात त्या विटा जशा होत्या तशा काढल्या. पावसाचे थेंब उडून शाई एके ठिकाणी पसरली. ती तशीच राहू दिली. मग चित्राखाली लिहू लागलो: केळ्यांची गाडी, तिच्यावर निळा कागद. शाळेतून येणाऱ्या दोन मुली, छत्री एकच. सायकल दुरुस्त करणारा म्हातारा. गुळाची ढेप पोत्याखाली झाकून नेणारा हमाल.

मामांनी चष्मा पुसून ती यादी वाचली. "ओट्याखाली शेळी बसली आहे," ते म्हणाले, "ती राहिली. आईने विचारलीच असती."

मी शेळी लिहिली. मग आम्ही दोघे एकाच छत्रीतून सही करावयास गेलो.