आधी करंट बघा

वडिलांची 1985 सालची प्रीमियर पद्मिनी मी अजून चालवतो. एका उन्हाळ्यात तिला खोड लागली. बीडहून निघताना पहिल्याच सेलला चालू व्हायची, पण मांजरसुंब्याचा घाट चढायला लागली की आचके देत बंद पडायची. बॉनेट उघडून गार होऊ दिली, की पुन्हा सुरळीत.

वाटेत थांबणारा प्रत्येक जण म्हणे, "पेट्रोल उकळतंय, पंपावर ओलं फडकं टाका." या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असल्यानं मे महिन्यात तसं होऊ शकतं. पण फडकं टाकूनही फरक पडेना.

बीडच्या एका जुन्या मिस्त्रींनी गार गाडीला हातच लावला नाही. "बिघडती तव्हाच बघाया पायजे, सर," म्हणत ते शेजारी बसले. घाटात गाडी बंद पडताच त्यांनी प्लग खोलला. तो पेट्रोलनं ओला होता, म्हणजे पेट्रोल पोचत होतं, पेटत नव्हतं. मग कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून काढून त्यांनी पक्कडीनं इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि मला सेल मारायला सांगितलं. ठिणगी पडली, पण पिवळी, बारीक. ती निळी आणि तडतडणारी हवी.

कॅपखालचे पॉइंट जळून काळे झाले होते. पॉइंट उघडले की कॉइलमधला 12 व्होल्टचा प्रवाह तुटतो आणि त्यातूनच प्लगसाठी हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. हे तुटणं झटक्यात व्हावं म्हणून कंडेन्सर असतो. आमचा जुना कंडेन्सर तापला की दगा देत होता. मग ठिणगी पॉइंटवरच उडायची आणि प्लगपर्यंत जोर पोचायचा नाही.

"नुसते पॉइंट बदलले तर?" मी विचारलं.

"ते बी जळतील. मूळ कंडेन्सर हाय."

त्यांनी कंडेन्सर बदलला, पॉइंट पॉलिश पेपरनं घासले आणि फिलर गेज लावून साधारण 0.45 मिलिमीटर गॅप ठेवली. तापलेल्या इंजिनानंच गाडी चालू झाली आणि न थांबता घाट चढली.

नव्या गाडीला स्कॅनर जोडला की बिघाडाचा माग लागतो. पॉइंटच्या गाडीत तो माणसालाच काढावा लागतो: बिघाड असतानाच तपासायचं, आधी करंट, मग पेट्रोल, आणि एका वेळी एकच भाग बदलायचा. सुटे भाग शोधून मिळतात; ही रीत मात्र शिकवली तरच टिकेल. म्हणून पुतण्याला मी सध्या पॉइंटची गॅप लावायला शिकवतोय.