सिपनेकाठची पहिली

मेळघाटातलं कोरकू मूल पहिलीत येऊन बसतं तेव्हा त्याला पुष्कळ काही येत असतं. मोहाची फुलं पहाटेच वेचायची, कुटकीच्या शेतातलं तण कोणतं, गावदेव मुठव्यापाशी कसं वागायचं, होळीनंतर फगवा मागायला कुणाला अडवायचं, हे सगळं. शिवाय एक अख्खी भाषा. आणि तरी महिन्याभरात त्याच्याबद्दल शेरा तयार असतो : ‘मूल बोलत नाही.’ धारणी-चिखलदऱ्याच्या शाळांत हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आणि दर वेळी ते मला सोसवलं नाही. कारण तेच मूल मधल्या सुट्टीत हापशापाशी अखंड बोलत असतं.

कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली. तिची नाती झारखंड-ओडिशातल्या संथाली, मुंडारीशी. त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा सिपना नदीच्या काठी बोलली जाते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. 2011च्या जनगणनेत सात लाखांवर माणसांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली.

या भाषेत नामांचे मुख्य भेद दोनच : सजीव आणि निर्जीव. आता त्या मुलापुढे आपली मराठी ठेवून पाहा. नदी ती, नाला तो, पाणी ते. एकाच प्रवाहाला तीन लिंगं! मूल ‘तो नदी’ म्हणतं आणि वहीत लाल रेघ उमटते. त्या रेघेखाली चूक नसते, दुसऱ्या व्याकरणाची शिस्त असते. उलट कोरकूत आहे आणि आपल्याकडे नाही असंही बरंच. दोघांसाठी तिथे वेगळं वचन आहे. ‘तू आणि मी’, ‘तुला सोडून आम्ही दोघं’, ‘तुझ्यासकट सगळे’, ‘तुला सोडून सगळे’ या चौघांना चार निराळी सर्वनामं. मराठीतला ‘आपण’ आणि ‘आम्ही’मधला फरक हिंदी मुलाला समजावून सांगावा लागतो; कोरकू मुलाला तो जन्मापासून कळतो. शिक्षकाला एवढं माहीत असतं, तर मराठीचा पहिला पाठ तिथूनच सुरू झाला असता. मुलाला वाटलं असतं, अरे, हे तर माझ्या ओळखीचं आहे.

पण हे माहीत व्हावं अशी सोयच नाही. गुरुजी येतात मैदानी भागातून, त्यांच्या स्वतःच्या तोंडी वऱ्हाडी. बाजारात चालते हिंदी. पुस्तकात प्रमाण मराठी. म्हणजे मुलाच्या वाट्याला आलेली पुस्तकातली भाषा त्याने घरीदारी कुठेच ऐकलेली नसते. काही गुरुजी जीव लावून कोरकू शिकतात, वर्ग हसू-बोलू लागतो आणि मग बदलीचा आदेश येतो. नवे गुरुजी पुन्हा पहिल्यापासून.

आईवडील म्हणतात, कोरकू घरी येतेच, शाळेत मराठी शिकवा. त्यांचं चूक नाही. तहसील, बँक, दवाखाना यांतलं काहीच कोरकूत चालत नाही आणि मराठी न येण्याची किंमत त्यांनी मोजलेली असते. म्हणूनच मी दोन्ही भाषा मागतो. वाचन म्हणजे काय हे मूल एकदाच शिकतं, आणि ते समजणाऱ्या भाषेत शिकलं तर दुसऱ्या भाषेत सहज नेतं. न समजणाऱ्या भाषेत शिकवलं, तर अक्षरं ओळखतं आणि अर्थ बाहेरच राहतो. कोरकू देवनागरीत लिहिता येते. एकदा शिकलेली अक्षरं मराठीलाही तीच पुरतात.

हे मागणं नवं नाही. 1956च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम 350क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा, असं राज्यांना सांगतं. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, मुंबई महापालिका तमिळ-तेलुगू माध्यमही चालवते, आणि याचा मला अभिमान आहे. बेळगावातल्या मराठी शाळांसाठी आपला जीव तुटतो, तो तुटायलाच हवा. पण तीच कळकळ सातपुड्याच्या उतारावर पोचत नाही, याचं मला मनापासून दुःख होतं. ओडिशाने 2007च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून पहिलीचे वर्ग सुरू केले. त्यांत संथाली, सौरा, जुआंग, बोंडा होत्या, म्हणजे कोरकूच्याच बहिणी.

आपल्याकडे कोरकू घरांतून शिकून पुढे आलेली तरुण मुलंमुली आहेत. अंगणवाडीच्या ताई तर रोज दोन भाषांमध्ये ये-जा करतात, त्याबद्दल त्यांना कुणी वेगळा पैसा देत नाही. पहिली-दुसरीच्या वर्गांवर अशांची नेमणूक व्हावी, मूल वाचू लागेपर्यंत त्यांची बदली होऊ नये, आणि कोरकू येणं ही त्या जागेची पात्रता धरली जावी. इंग्रजी शाळेसाठी इंग्रजी येणारा शिक्षक आपण मागतोच की.