सहीपूर्वीचा प्रश्न

बंगळूरच्या उत्तरेस असलेले देवनहळ्ळी पपनसांसाठी आणि द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध. २००८ साली येथे विमानतळ सुरू झाला. कित्येकांच्या जमिनीचे पैसे झाले आणि ते पैसे बँकेत गेले.

अशाच एखाद्या वृद्ध शेतकऱ्याच्या ठेवीची मुदत संपते. "अज्जा, या, खात्याचा आढावा घेऊ," असे म्हणत अधिकारी खुर्ची पुढे करतो, चहा मागवतो. बोलता बोलता 'ठेवीपेक्षा चांगली' योजना पुढे येते. ती ठेव नसून विमा आहे, हप्ता दरवर्षी भरायचा आहे, मध्येच सोडल्यास नुकसान होते, हे मात्र राहून जाते. अधिकाऱ्यालाही विक्रीचे उद्दिष्ट गाठायचे असते. बँकेला दलाली मिळते.

बैल घेताना त्याचे दात पाहणारा, त्याला चालवून पारखणारा हा माणूस येथे निमूटपणे सही करतो. का? शिकलेल्या माणसाला प्रश्न विचारणे त्याला उद्धटपणाचे वाटते.

ग्राहकाला त्याच्या गरजेस योग्य अशीच योजना विकावी, हा त्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने २०१४ साली सनदेत नोंदवला. आयुर्विम्याची पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. किरकोळ वजावट होऊन पैसे मिळतात.

पण हक्क कागदावर असतो. तो बजावण्यासाठी तोंड उघडावे लागते. "हे घरी नेऊन वाचतो, मग सांगतो," एवढे म्हणण्यात कोणाचाही अपमान नाही. चहा जरूर घ्यावा. सही मात्र समजल्यावरच करावी.