‘तुर्का’च्या शेताचे कागद

गेल्या रमजानमध्ये माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. ‘अमेरिकेतला पहिला मुसलमान जमीनदार’ असं त्याचं शीर्षक. न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटजवळ त्याचं शेत होतं, घरात कुराण शरीफ होतं आणि व्हँडरबिल्टसारखं कोट्यधीश घराणं त्याच्याच वंशातलं आहे, असा मजकूर. खाली ‘माशाअल्लाह’ची रांग लागली होती. मीही तेच लिहिणार होतो, तेवढ्यात एका जुन्या विद्यार्थिनीने विचारलं, “सर, हे खरंय का? तुम्हीच सांगायचात ना, आधी सनद विचारा म्हणून?”

सांगायचो खरं. हदीसची गोष्ट निघाली की मी वर्गात फळ्यावर साखळी काढून दाखवतो. कुणी सांगितलं, त्याने कुणाकडून ऐकलं, मधला रावी भरवशाचा आहे का. मजकूर कितीही गोड असो, साखळी तुटली की हदीस जईफ. आपल्या बुजुर्गांनी शेकडो वर्षं ही शिस्त पाळली. मग फॉरवर्डला सूट का द्यायची? ईदनंतर सुट्टी लागली आणि मी या माणसाच्या मागे लागलो.

त्याचं नाव आंतोनी यान्सून फान साले. यान्सून म्हणजे यानचा मुलगा. डच लोकांत यान इतके, की या नावावरून बाप शोधणं म्हणजे आपल्याकडे ‘अब्दुलचा मुलगा’ एवढ्यावरून घर शोधण्यासारखं. त्याच्या लग्नाची नोंद अॅमस्टरडॅमची, १६२९ सालची. तिथे तो बावीस वर्षांचा खलाशी आहे आणि गाव स्पेनमधलं कार्ताखेना. पुढे मॅनहॅटनच्या कागदांत कुठे तो ‘सालेचा’, कुठे ‘फेझचा’, तर कुठे नुसता ‘तुर्क’. साले आणि फेझ ही दोन्ही शहरं मोरोक्कोतली. त्या काळी युरोपात कुठल्याही मुसलमानाला सरसकट तुर्क म्हणत.

एका माणसाला तीन गावं लावलेली पाहून मला हसू आलं आणि लगेच अब्बांची आठवण आली. त्यांच्या दीड एकराच्या वारसनोंदीसाठी मी एका कचेरीत किती खेटे घातले होते! सातबाऱ्यावर ‘बाबू वल्द इमाम’, फेरफारात ‘शेख बाबूलाल’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘बाबूभाई इमाम शेख’. तिथला कारकून म्हणाला, “गुरुजी, ही तर तीन माणसं झाली.” शेवटी प्रतिज्ञापत्र करून मी माझ्या बापाला एक माणूस केला. त्यामुळे आंतोनीच्या तीन गावांनी मी घाबरलो नाही. लिहिणारा बदलतो तसं नाव बदलतं. माणूस तोच राहतो, पण ते सिद्ध करावं लागतं.

हे कागद आपल्याला वाचायला मिळतात हेही एक नवलच. १६६४ मध्ये इंग्रजांनी ती वसाहत घेतली आणि न्यू अॅमस्टरडॅमचं न्यूयॉर्क झालं, पण जुन्या डच वह्या राहिल्या. २९ मार्च १९११ ला ऑल्बनी इथल्या ग्रंथालयाला मोठी आग लागली. अनेक वह्यांच्या कडा जळाल्या, तरी बराच मजकूर वाचला. फान लार नावाच्या अभिलेखपालाने त्यांचं इंग्रजी भाषांतर करायला घेतलं होतं. त्यातलं काही काम आगीत गेलं, पण त्याने ते सोडलं नाही. १९७४ पासून चार्ल्स गेहरिंग यांनी तेच काम पुढे नेलं. मोडीतला एक दाखला वाचून घेण्यासाठी गावोगाव माणूस शोधलेला मी, या दोघांना मनातल्या मनात सलाम केला.

आता कागद काय सांगतात ते पाहू. १६३८ मध्ये आंतोनीजवळ मॅनहॅटनवर शेत होतं. त्याच वर्षी कोर्टाच्या वहीत त्याचे खटलेच खटले. एका खटल्यात आंतोनी पोर्तुगीज नावाच्या काळ्या माणसाने फिर्याद केली, की याच्या कुत्र्याने माझं डुक्कर जखमी केलं. कोर्टाने आपल्या आंतोनीला भरपाई द्यायला लावली. त्याची बायको ग्रिएत्ये तर त्याच्याहून तोंडाळ. पाद्री बोगार्डसच्या बायकोबद्दल ती भर वस्तीत काहीबाही बोलली आणि ते प्रकरण कोर्टात गेलं. अखेर एप्रिल १६३९ मध्ये या नवराबायकोला वस्तीतून हद्दपार केलं.

पण हद्दपारीतूनच जमीन मिळाली. त्याच वर्षी त्याला समुद्राच्या पलीकडे, लाँग आयलंडवर जागा दिली गेली आणि २७ मे १६४३ ला तिची सनद झाली. शंभर मॉर्गन, म्हणजे सुमारे दोनशे एकर, कोनी आयलंडच्या समोर. आज तो ब्रुकलिनचा भाग आहे. शेजारी डेबोरा मूडी या इंग्रज बाईने ग्रेव्हझेंड गाव वसवलं. मग हद्दीवरून भांडणं आलीच. बांधावरून भांडण नाही असं शेत जगात कुठे असतं? लोक त्याच्या जमिनीला तुर्काचं शेत म्हणत.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी इथे सांगायलाच हव्यात. पहिली त्याच्या बापाची. आंतोनीचा बाप म्हणजे हार्लेमचा यान यान्सून, असं सर्रास मानलं जातं. हा डच खलाशी १६१८ मध्ये पकडला गेला, मुसलमान झाला आणि मुराद रईस या नावाने सालेच्या दर्यावर्दी टोळ्यांचा म्होरक्या बनला. काळ, नाव आणि साले या तीन खुणांवर हे नातं उभं आहे. मुराद रईसने १६३१ मध्ये आयर्लंडमधल्या बाल्टिमोर गावावर छापा घातला आणि शंभरावर माणसं, बायकापोरांसकट, गुलाम करून नेली. त्याचं नाव फुशारकीने घेताना ती पोरं विसरायची का? दुसरी गोष्ट त्या दोनशे एकरांची. ती जमीन मोकळी पडलेली नव्हती. तिथे लेनापे लोक राहत होते. ज्या वर्षी आंतोनीला सनद मिळाली, त्याच वर्षी गव्हर्नर कीफ्टच्या माणसांनी पाव्होनियात लेनापेंची कत्तल केली होती. सनदेत मोजमाप असतं. आधी तिथे कोण कसत होतं, हे त्यात नसतं.

आणि कुराण? ती गोष्ट वंशजांच्या तोंडून पुढे आलेली आहे. मी वाचलेल्या कोर्टाच्या आणि जमिनीच्या नोंदींत कुराणही नाही आणि नमाजही नाही. त्या वह्यांमध्ये माणूस भांडला, कर्ज काढलं, जमीन घेतली की दिसतो. तो सजदा करत होता का, हे विचारायला कुठला कारकून गेला होता? मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत आपलं कुणीतरी असावं असं मलाही वाटत होतं. आजकाल कुठेही ‘तुम्ही इथले कधीपासून?’ हा प्रश्न हवेत असतो. अशा वेळी खूप जुना कागद हातात असावासा वाटतो.

पण एक कागद मिळाला, तो आंतोनीचा नाही. २७ डिसेंबर १६५७ ला लाँग आयलंडवरच्याच फ्लशिंग गावातल्या तीस लोकांनी गव्हर्नर स्टायव्हेसंटला अर्ज लिहिला. क्वेकर पंथीयांना छळू नका, अशी त्यांची मागणी. त्यात त्यांनी म्हटलं, की प्रेम आणि स्वातंत्र्याचा कायदा यहुदी आणि तुर्कांनाही लागू आहे, कारण तेही आदमची लेकरं. सही करणारे स्वतः क्वेकरही नव्हते. त्यातल्या काहींना या अर्जापायी अटक झाली. शिवीसारखा वापरला जाणारा ‘तुर्क’ शब्द इथे हक्काच्या भाषेत आला, तोही दुसऱ्यांच्या लेखणीतून.

आंतोनी १६७६ मध्ये वारला. त्याला चार मुली होत्या: एवा, कॉर्नेलिया, आनिका आणि सारा. मुलगा नाही, म्हणून ‘फान साले’ हे नाव त्याच्या शाखेत तिथेच थांबलं. पुढचा सगळा वंश लेकींचा. एवा फान सिक्लेन घराण्यात गेली. ग्रेव्हझेंडमध्ये आजही त्या घराण्याच्या नावाचं कब्रस्तान आहे. आमच्या घरच्या शजऱ्यात सात पिढ्यांचे पुरुष आहेत, एकाही लेकीचं नाव नाही. आंतोनीचा माग काढणाऱ्यांनी तसाच शजरा धरला असता तर पहिल्याच पायरीवर वाट बंद झाली असती. मी घरचा कागद काढला आणि अब्बांच्या तिन्ही बहिणींची नावं पेनाने लिहिली. मग आठवेल तेवढ्या फुफ्या लिहिल्या. दोघींची नावं घरात कुणालाच आठवली नाहीत.

हे सगळं मी त्या विद्यार्थिनीला लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं, “म्हणजे तो मुसलमान होता की नव्हता, सर?”

मी लिहिलं, “त्याच्या इमानाचा हिशेब अल्लाहकडे. माझ्याकडे त्याच्या शेताचा आहे.”

“मग मेसेज पुढे पाठवू का?”

“पाठव,” मी म्हटलं, “पण कुराणाची ओळ काढ आणि चार मुलींची नावं घाल.”