भांग आहे की उधाण? सुंदरबनच्या सफरीची तयारी

प्रवासाच्या तारखा लिहिलेला कागद मी अब्बांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी ना भाडे विचारले ना गाडीची वेळ. कागद डोळ्यांजवळ नेला, मान जरा तिरकी करून वाचला आणि म्हणाले, “हे दिवस भांगाचे की उधाणाचे?”

अब्बांची सारी उमर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात गेली. बरीच वर्षे ते नौकेवर तांडेल होते. आता बहात्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात आणि दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे. या आजारात नजर कडेकडेने कमी होत जाते. समोरचे दिसते, बाजूचे हरवते. औषधाचे थेंब टाकून आहे ती नजर टिकवायची असते, गेलेली परत येत नाही. डॉक्टरांनी हे सांगितले त्या दिवशी घरी येताना रिक्षात ते एवढेच बोलले, “सुंदरबन बघायचं राहिलं.”

त्यांच्या नौकेवर एके काळी बंगालचा एक खलाशी होता. आमच्या गावात वाघ खाऱ्या पाण्यातून पोहत येतो, असे तो सांगायचा. अब्बांनी तिवरांच्या खाड्या लहानपणापासून पाहिल्या, पण तिवरात वाघ ही गोष्ट त्यांच्या गळी कधी उतरली नाही. ती एकदा पाहून यायची होती.

म्हातारे माणूस आणि लहान मूल सोबत घेऊन अशा जंगलात जायचे तर आधी कशाचा विचार करावा, हे आम्ही एकदा चुकून आणि एकदा अब्बांना विचारून शिकलो. वाचकांपैकी कोणाचा बेत असेल तर उपयोगी पडेल, म्हणून लिहिते.

पहिली चूक माझी. झोयाची सहामाही परीक्षा संपताच निघायचे म्हणून मी ऑक्टोबर २०२४ चे दिवस धरले. पाऊस संपलेला असतो, एवढाच माझा हिशोब. बंगालच्या उपसागराचा हिशोब वेगळा आहे. तिथे चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्याच्या आधी एप्रिल-मेमध्ये आणि दुसरा पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. २००९ चे आयला आणि २०२० चे अम्फान ही दोन्ही वादळे मे महिन्यातली. आमच्या नशिबी दाना आले. २४ ऑक्टोबरच्या रात्री ते ओडिशात धामराच्या बाजूला किनाऱ्यावर चढले आणि आमचा बेत घरीच मोडला. रेल्वेचे पैसे बरेचसे परत मिळाले. राहण्याची आणि होडीची आगाऊ दिलेली रक्कम मात्र बुडाली, कारण वादळामुळे सफर रद्द झाली तर पैशांचे काय, हे मी लिहून घेतलेच नव्हते. शिकवण्यांतून साठवलेले पैसे होते ते. तुम्ही आधी लिहून घ्या.

ऐन पावसाळ्यात जाण्यात अर्थ नाही. पाऊस आपल्या कोकणापेक्षा कमी असला तरी नद्या फुगलेल्या असतात, वारा असतो आणि अलीकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जंगल पर्यटकांसाठी बंद ठेवतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. हवा थंड, पाणी शांत आणि उन्हासाठी मगरी काठावर येतात.

म्हणून दुसऱ्या वेळी मी नाताळ आणि नवीन वर्षाच्या सुट्टीचे दिवस निवडले होते. तोच कागद अब्बांच्या हातात होता.

भांग आणि उधाण हे शब्द किनाऱ्यावरच्या घरांत सगळ्यांना माहीत असतात. आत राहणाऱ्यांसाठी सांगते. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती सर्वांत जोरात चढते आणि ओहोटी सर्वांत खाली जाते, ते उधाण. अर्ध्या चांदाच्या आसपास, म्हणजे चांदाच्या सात-आठ आणि बावीस-तेवीस तारखेच्या सुमारास, पाणी थोडेच चढते आणि थोडेच उतरते, तो भांग. आपल्या घरात रमजान-ईदसाठी चांदाची तारीख पाहिली जातेच. तीच तारीख समुद्राचेही वेळापत्रक असते, हे मी तांडेलाची मुलगी असून विसरले होते.

माझे दिवस अमावस्येला लागून होते, म्हणजे भर उधाण. अब्बांनी बोटांवर मोजले आणि म्हणाले, “एक आठवडा पुढे ढकल.” झोयाच्या शाळेतून रजा घ्यावी लागली. आम्ही जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, रजबची सात, आठ आणि नऊ तारीख धरून निघालो. दुकान बंद ठेवता येत नव्हते म्हणून हे घरी राहिले. अब्बा, झोया आणि मी, असे तिघे.

मला वाटले, अब्बांनी गुडघ्यांमुळे भांग निवडला. ते कारण खरेच होते. सुंदरबनमध्ये उधाणाला पाण्याची पातळी चार-पाच मीटरने वर-खाली होऊ शकते. ओहोटीला होडी खाली आणि धक्का वर, मधल्या पायऱ्यांवर चिकट गाळ. तिथे म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरला तर सफर तिथेच संपली. भांगात एवढी चढउतार नसते. पण आणखी एक कारण होते. ते त्यांनी सांगितले नाही आणि मला दुसऱ्या दिवशी कळले.

मुंबईहून हावड्यापर्यंत रेल्वेने साधारण दीड दिवस लागतो. कोलकात्याच्या सियालदह स्टेशनावरून लोकलने कॅनिंग, तिथून गाडीने गोदखाली, आणि गोदखालीला रस्ता संपतो. पुढे सगळे पाणी. जंगलात मुक्काम करता येत नाही म्हटले तरी चालेल, त्यामुळे बहुतेक लोक समोरच्या पाखिरालय किंवा दयापूर या गावांत राहतात आणि सकाळी सजनेखालीच्या वन कार्यालयात ओळखपत्रे दाखवून परवाना घेतात. तिथूनच प्रत्येक होडीबरोबर वाटाड्या घ्यावा लागतो. संध्याकाळपूर्वी बाहेर पडायचे असते.

ताडोबाची जिप्सी डोळ्यांसमोर ठेवून इथे येऊ नये. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांच्या गाळावर वाढलेले हे कांदळवन आहे. त्याचा मोठा भाग बांगलादेशात आणि उरलेला आपल्याकडे पश्चिम बंगालमध्ये. १९७३ मध्ये इथे व्याघ्र प्रकल्प झाला, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९८७ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीत घेतले. भारतातल्या भागात शंभराच्या आसपास वाघ आहेत. पण रस्ते नाहीत, जीप नाही, जमिनीवर उतरायची परवानगी नाही. सुधन्यखाली आणि दोबांकीसारख्या मनोऱ्यांवर जाता येते, तेही जाळीच्या आतून. मनोऱ्यासमोर गोड्या पाण्याचे तळे असते, त्यावर जनावरे येतात. बाकी सगळे होडीतून पाहायचे.

म्हणून होडी कोणती, हा मोठा प्रश्न. चाळीस-पन्नास माणसांच्या मोठ्या होडीत खर्च कमी येतो, पण ती रुंद नद्यांतूनच फिरते आणि काठ लांब राहतो. आम्ही लहान होडी घेतली. तिला तिथे भुटभुटी म्हणतात, इंजिनाच्या आवाजावरून. माणशी खर्च जास्त आला. तो कमी करायला आम्ही राहण्याची खोली साधी घेतली. होडीवर संडास आहे का आणि प्रत्येकाला, मुलांच्या मापाचेसुद्धा, लाइफ जॅकेट आहे का, हे आधी विचारा. स्वयंपाक होडीवरच होतो. कोंबडीबद्दल शंका असेल तर पहिल्याच दिवशी मासे, डाळ आणि भाजी सांगून टाकावी, तिथले मासे उत्तम. प्लास्टिक नेऊ नये. जानेवारीत सकाळी पाण्यावरचे वारे बोचते, गरम कपडे आणि कानटोपी लागतेच. आणि जोहरच्या वेळी होडी थांबवायला सांगावी. खाडी इतकी वळते की चालत्या होडीत किब्ला हातात राहत नाही. आमच्या होडीवाल्याने न कंटाळता दोन्ही दिवस काठाशी नांगर टाकला आणि पश्चिम दाखवली.

पहिला दिवस रुंद पाण्यात गेला. झोयाने दुर्बिणीतून चितळ पाहिले, केवड्याच्या झाडावर माकडे पाहिली. हा आपला सुगंधी केवडा नव्हे. तिथे केवडा नावाचे तिवरासारखे झाड असते. माकडे वरून पाला पाडतात आणि चितळ खाली खातात. अब्बा होडीच्या कठड्याला धरून बसून होते. दुर्बीण त्यांच्या कामाची नव्हती. आधीच अरुंद झालेली नजर तिने आणखी अरुंद होते. “बघ तू, मला सांग,” असे ते झोयाला म्हणत राहिले. मला वाटले, आपण उशीर केला.

दुसऱ्या दिवशी ओहोटी सुरू झाल्यावर होडी एका अरुंद खाडीत शिरली. उधाणाच्या ओहोटीत अशी खाडी लवकर आटते आणि होड्यांना बाहेर पडावे लागते. शिवाय चिखल लांबवर उघडा पडतो आणि झाडे दूर जातात. भांगात खाडीत पाणी टिकते. आमची होडी काठापासून पंधरा-वीस फुटांवरून चालली होती. अब्बा एकदम पुढे झुकले. “निवट्या!” चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या त्यांना दिसल्या. मग एक नांगी मोठी असलेले लाल खेकडे. मग मुळांवर बसलेला लाल चोचीचा, तपकिरी पंखांचा खंड्या. मग जमिनीतून वर आलेली हजारो श्वासमुळे, खिळ्यांसारखी उभी. एका वळणावर गाळात लाकडाच्या ओंडक्यासारखी मगर पडली होती. झोयाने दाखवण्याआधी ती अब्बांनी पाहिली.

तेव्हा मला कळले, त्यांनी भांग कशासाठी निवडला होता. काठ त्यांच्या नजरेच्या टप्प्यात यावा म्हणून. मी डोळ्यांची फाइल पिशवीत घेऊन फिरत होते, आणि त्यांनी चांदाच्या तारखेवर आपल्या डोळ्यांची सोय करून ठेवली होती.

पुढे वाटाड्याने इंजिन बंद करायला सांगितले. हेंताळाच्या झुडपांजवळ गाळात पंजांची रांग होती, पाण्यातून वर आलेली. वाटाडा म्हणाला, सकाळचा आहे. अब्बांनी त्याला विचारले, “भरतीची ओली रेघ कुठवर आहे? ठसे तिच्या खाली की वर?” ठसे रेघेच्या बरेच खाली होते. “मग इथलं पाणी सुटून किती वेळ झाला?” वाटाड्याने घड्याळ पाहिले. दोन तास. “म्हणजे हा दोन तासांच्या आत गेलाय,” अब्बा म्हणाले. त्याआधीचे ठसे असते तर पाण्याने पुसले असते. वाटाडा हसला आणि होडीवाल्याला बंगालीत काही म्हणाला. त्यानंतर दिवसभर तो त्यांना चाचा म्हणत होता.

वाघ दिसला नाही. अर्धा तास सगळे गप्प बसून राहिलो. हेंताळाची पाने पिवळी-हिरवी, उभ्या पट्ट्यांची. त्यात तो बसलेला असता तरी दिसला नसता. झोयाचा चेहरा उतरला. एवढा खर्च, एवढी शाळा बुडवली. अब्बा तिला म्हणाले, “त्याने आपल्याला बघितलं असेल. तेवढं पुरे.”

परतताना होडीवाल्याने आपल्या गावाविषयी सांगितले. जंगलात जाणारे दोन तऱ्हेचे, आपल्यासारखे बघायला जाणारे आणि खेकडे, मासे, मध यांसाठी जाणारे. मधाचा हंगाम एप्रिलमध्ये असतो. परवाना घेऊन गेले तरी वाघाची भीती असतेच, आणि परवान्याशिवाय किंवा बंदी असलेल्या भागात माणूस मेला तर मागे राहिलेल्या बाईला भरपाई मिळणे कठीण होते. अशा विधवा त्या बेटांवर अनेक गावांत आहेत. आयलाच्या वेळी खारे पाणी शेतात शिरले आणि बरीच शेते काही वर्षे पिकली नाहीत, त्यामुळे जंगलात जाणाऱ्यांची गरज वाढली. जंगलाच्या कडेने गावाच्या बाजूला नायलॉनची जाळी लावलेली आम्ही पाहिली. वाघ आणि माणूस यांच्यामध्ये तेवढीच.

त्या जाळीच्या अलीकडे बोनबीबीची लहान ठाणी दिसतात. तिथली कथा अशी की ती आणि तिचा भाऊ शाह जंगली अरबस्तानातून आले. हिंदू आणि मुसलमान दोघेही जंगलात शिरताना तिचे नाव घेतात. तिच्या कथेचे जुने पुस्तक बंगालीत आहे, पण त्याची पाने उजवीकडून डावीकडे उलटायची, अरबी किताबासारखी. आपली श्रद्धेची रीत ती नाही. पण त्या कथेतली अट होडीवाल्याने सांगितली ती मला पटली. जंगलात हाव घेऊन शिरायचे नाही, गरजेपुरतेच न्यायचे. वाघ दिसलाच पाहिजे म्हणून होडीवाल्याच्या मागे लागणे, ओरडणे, जादा पैसे देऊन बंद खाडीत नेण्याचा आग्रह धरणे, हीसुद्धा हावच. बाजूच्या एका मोठ्या होडीवर गाणी लावली होती. तिच्या वाटेत काठावर एकही जनावर नव्हते.

आम्ही परतलो त्याला आता बरेच महिने झाले. अब्बांची तपासणी झाली. उजव्या डोळ्याची नजर आणखी थोडी गेली आहे, डावा टिकून आहे, अल्हमदुलिल्लाह. बंदरावर कोणी भेटले की ते मगरीचे सांगत नाहीत, ठशांचे सांगतात. पाणी सुटून दोन तास झाले होते, इथपासून सुरुवात करतात.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर झोया आता दर महिन्याला चांदाच्या सात-आठ तारखेला पेन्सिलीने ‘भांग’ लिहिते. परवा तिने पुढच्या जानेवारीचे पान काढून अब्बांना विचारले, “नाना, या वेळी तुमचे गुडघे जरा बरे असले तर उधाणात जाऊया का? चिखल जास्त उघडा पडतो ना?” अब्बा बोटांवर मोजत बसले आहेत.